दोनशे त्रेपन्न नंबरची बशी

थर्लोबाईंच्या डाव्या भुवईत मधोमध एक बारीकशी फट होती. पाहणाऱ्याला ती जुन्या जखमेची खूण वाटे. मलाही वाटली होती. त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी, वाटाणे सोलता सोलता, मी त्यांना विचारलं.

"पडले-बिडले नाही गं," त्या म्हणाल्या. "उपटून उपटून गेली. वीस वर्षं एकाच जागचे केस उपटले तर काय राहणार? अर्धी प्रयोगशाळा माझ्या या भुवईवर चालली."

एवढं सांगून त्या हसल्या आणि वाटाण्याचं भांडं घेऊन आत गेल्या. उरलेली हकीकत मला चौथ्या वर्षी कळली, तीही तुकड्यातुकड्यांनी. कधी भांडी पुसताना, कधी बसथांब्यावर.

थर्लोबाई केंब्रिजच्याच, पण रुळांपलीकडच्या केंब्रिजच्या. मिल रोडच्या बाजूला रेल्वेवाल्यांची विटांची घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यांतल्या एका घरात त्या जन्मल्या आणि चार दारं सोडून सिरिल थर्लोच्या घरात लग्न होऊन आल्या. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. जॅमच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून खराब स्ट्रॉबेऱ्या वेचायचं काम मिळालं. नासकं फळ डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचं, असं त्या सांगत. अडतिसाव्या वर्षी शहराच्या दक्षिण टोकाच्या एका प्रयोगशाळेत काचसामान धुवायला लागल्या. तिथल्या प्रमुखांनी, डॉक्टर हॅलमनी, एकदा सहज त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं, आणि त्यांचा हात पाहून धुण्याच्या कामावरून कायमचं उठवलं. त्या दिवसापासून त्या कृमी सांभाळू लागल्या.

हे कृमी मातीतले, गोल अंगाचे, काचेसारखे आरपार दिसणारे. लांबी एक मिलिमीटर. कागदावर स्वल्पविराम द्यावा तेवढे. प्लॅस्टिकच्या चपट्या बशीत आगर नावाच्या जेलीचा थर, त्यावर जिवाणूंची पातळ साय, आणि त्या सायीत ते चरत नागमोडी फिरत. तीन-चार दिवसांत नवी पिढी. बहुतेक कृमी स्वतःच आई आणि स्वतःच बाप, त्यामुळे जोडीदारापर्यंत सरकताही न येणारा लुळा कृमीसुद्धा आपला वंश चालवतो. शास्त्रज्ञांना तेच हवं होतं. आनुवंशिक मजकुरात कुठेतरी चूक पाडणाऱ्या रसायनात ते हजारो कृमी बुडवत आणि मग त्यांच्या नातवंडांत बिघडलेले शोधत. कुणी कुरळ्या केसासारखा गुंडाळून पडलेला. कुणाला पुढे जाता येई, मागे नाही. कुणी स्वतःभोवती पीळ घेत गोल गोल फिरे. कुणी काठीसारखा ताठ. काय बिघडलंय ते पाहून मुळात काय असतं हे ओळखायचं, असा तो धंदा. प्रत्येक बिघाडाला एक नंबर मिळे. थर्लोबाईंनी मात्र गल्लीतल्या माणसांची नावं दिली होती. पीळ घेत फिरणारा कृमी म्हणजे शनिवारी दारू पिऊन घरी येणारा शेजारचा आर्थर.

सिरिल त्यांना चिडवायचा. "आज किती जंतांना चालायला शिकवलंस?"

"तुझ्यापेक्षा बरे चालतात."

"रविवारी चार आण की नदीवर. गळाला लावतो."

"गळाच्या टोकावर चाळीस बसतील आणि माशाला एकही दिसणार नाही. तू तुझी गांडुळं खण."

भुवईच्या केसाचा उपयोग स्पर्श तपासायला व्हायचा. दात कोरायच्या काडीच्या टोकाला डिंकाने एक केस चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली, चालत्या कृमीच्या डोक्यामागे, तो अलगद फिरवायचा. धडधाकट कृमी लगेच मागे सरतो. शेपटीकडे फिरवला तर पुढे पळतो. ज्याच्यात स्पर्शाचाच बिघाड आहे, तो काहीच करत नाही. आपल्या चालीने चरत राहतो. प्लॅटिनमच्या तारेने सरळ ढोसलं तर मात्र वळतो. म्हणजे अंग चालतं, स्नायू चालतात. फक्त हलका हात त्याला लागत नाही.

आयव्हर प्रॉसर १९७४च्या शरद ऋतूत तिथे आला. वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा, वय सव्वीस, अंगात एकच तपकिरी स्वेटर. त्याची नेमणूक पुढच्या वर्षीच्या डिसेंबरअखेरपर्यंतच होती. पहिल्याच आठवड्यात तो थर्लोबाईंच्या टेबलाशी येऊन घुटमळू लागला.

"थर्लोबाई, एक नाजूक विनंती आहे."

"लग्नाचं विचारत असशील तर उशीर झाला. सिरिल अजून जिवंत आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. "भुवईचा एक केस हवाय."

"तुला काय कमी आहेत? कपाळावर दोन झाडू बांधून फिरतोस की."

"तेच तर. माझा केस इतका राठ आहे की बधिर कृमीसुद्धा दचकून पळतो. बाबांना खाणीत बरे पडतात असे केस, धूळ अडते. इथे नाही चालत."

थर्लोबाईंनी चिमटा उचलला, खिडकीच्या काचेत पाहून एक केस उपटला आणि त्याच्या काडीला स्वतःच चिकटवून दिला. त्यानंतर दर महिन्याला तो नवा केस न्यायला यायचा. येताना बिस्किटाचा पुडा आणायचा, आणि निम्मा स्वतःच खाऊन जायचा.

आठ महिने तो एकाच गोष्टीच्या मागे होता. प्रयोगशाळेत स्पर्श न कळणारा एक जुना वाण होता, नंबर सहासष्ट. तसाच दिसणारा पण दुसऱ्याच कारणाने बधिर झालेला कृमी त्याला हवा होता. जूनमध्ये एका सकाळी त्याने थर्लोबाईंना हाताला धरूनच आपल्या टेबलापाशी नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकच कृमी होता. पाण्यावरची रेघ सरकावी तसा चालत होता. थर्लोबाईंनी केस फिरवला. डोक्यामागे, मग शेपटीकडे, मग पुन्हा डोक्यामागे. कृमीने ऐकलं नाही.

"हा आहे बरं का," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"वीस वेळा फिरवला. तू फिरवत बस अजून ऐंशी वेळा."

त्याला दोनशे त्रेपन्न नंबर मिळाला. जुलैत प्रॉसरने त्याचा सहासष्टशी संकर केला. या संकराचा अर्थ त्याने थर्लोबाईंना त्यांच्याच विणकामाच्या नमुन्यावरून समजावला होता, आणि त्यांनी तो मला तसाच समजावला. एकाच स्वेटरच्या नमुन्याचे दोन कागद आहेत, दोन्ही फाटलेले. एक बाहीपाशी फाटला, दुसरा गळ्यापाशी, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून स्वेटर पुरा होतो. दोन्ही एकाच जागी फाटले असतील तर कितीही कागद जमवा, तेवढी जागा कोरीच राहते. दोन बधिर कृमींची पिल्लं स्पर्शाला दचकली तर बिघाड दोन वेगळ्या जागी आहेत. म्हणजे स्पर्शासाठी लागणारी एक नवीनच गोष्ट सापडली.

जुलैत अकरा पिल्लं मिळाली, आणि अकराच्या अकरा दचकली. प्रॉसरने मोठ्याने एक वेल्श भजन म्हटलं. डॉक्टर हॅलम सहसा कुणाची पाठ थोपटत नसत. ते म्हणाले, "अकरा फार कमी आहेत. पण वाईट नाहीत. दुसऱ्यांदा करून दाखव, मग डिसेंबरनंतरचं बोलू."

ऑगस्टअखेर सोमवारची सुट्टी होती. प्रॉसर बहिणीच्या लग्नाला आठवड्याभरासाठी गावी निघाला. जाताना त्याने तीन बश्या थर्लोबाईंकडे दिल्या. जगातले सगळे दोनशे त्रेपन्न त्या तीन बश्यांत होते.

"शुक्रवारी गोठवाल ना? अजून एकदाही गोठवले नाहीत. मला झोप लागत नाही."

"गोठवते. तू बहिणीला नीट लग्न करू दे, तिच्या नवऱ्याला जंतांचं सांगत बसू नकोस."

गोठवणं म्हणजे प्रत्येक वाणाचा विमा. पिल्लं धुऊन घ्यायची, ग्लिसरॉलमध्ये मिसळायची, हळूहळू थंड करत उणे ऐंशी अंशांपर्यंत न्यायची. मग वरचे सगळे मेले तरी खालून पुन्हा उठवता येतात. शुक्रवारी दुपारी थर्लोबाईंनी तीन बश्या थंड खोलीतून काढल्या आणि खिडकीच्या फळीवर ठेवल्या. द्रावण तयार नव्हतं. साडेतीनला सिरिलचा फोन आला. हन्स्टन्टनच्या समुद्रावर जाणारी बस चारला सुटणार होती. "येतेस की मी तुझ्या जंतांबरोबर जाऊ?" तो ओरडत होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. मंगळवारी केलं तर काय बिघडतं, असं त्यांना वाटलं. एप्रन काढला, पर्स घेतली, निघाल्या. बश्या थंड खोलीत परत ठेवायच्या राहिल्या.

"समुद्र फार छान होता," त्या मला म्हणाल्या. "हे मी कुणाला सांगत नाही. तीन दिवस मी पाण्यात पाय घालून बसले होते आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही."

त्या वर्षीचा ऑगस्ट तापलेला होता आणि ती खिडकी दक्षिणेची. मंगळवारी सकाळी तिन्ही बश्यांतलं आगर कातडीसारखं आकसून कडांपासून सुटलं होतं. कृमी त्यावर सुकलेल्या धाग्यांसारखे चिकटले होते. थर्लोबाई तासभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. पाण्याचा थेंब टाकला. तारेने ढोसलं. तिन्ही बश्यांत एकही हलला नाही.

मग त्यांनी जे केलं ते करायला पाच मिनिटं लागली. थंड खोलीतून सहासष्टची बशी आणली, तारेने चार कृमी उचलले, नव्या बशीत सोडले आणि बशीच्या बुडावर आपल्या गोल अक्षरात लिहिलं: दोनशे त्रेपन्न. दिसायला तसेच, चालायला तसेच, स्पर्शाला तसेच बधिर. प्रॉसरच्या टेबलावर त्याची स्वतःची एखादी जादा बशी असेल, तो आला की गुपचूप तिच्यातून पुन्हा भरून घेऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. त्याच्या टेबलावर तशी बशी नव्हती.

तो सोमवारी आला. हातात लग्नाचा केक, रुमालात बांधलेला.

"काय म्हणते माझी पोरगी?"

"मजेत आहे," थर्लोबाई म्हणाल्या, आणि केकचा तुकडा तोंडात टाकला.

सप्टेंबरात प्रॉसरने संकर पुन्हा केला. साठ पिल्लं झाली आणि साठही बधिर. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा केला. पुन्हा तेच. बिस्किटाचे पुडे यायचे थांबले. तो सकाळी सर्वांच्या आधी येऊ लागला आणि डबा टेबलावरच खाऊ लागला. जेवणाच्या खोलीत डॉक्टर हॅलमनी सगळ्यांसमोर विचारलं, "प्रॉसर, जुलैत तुला दिसले ते कृमी होते की तुझ्या इच्छा?" लोक हसले. प्रॉसरही हसला. थर्लोबाई पलीकडच्या टेबलावर सँडविचचा कागद उलगडत होत्या. त्यांनी तो पुन्हा घडी करून ठेवला.

ऑक्टोबरात तो त्यांच्याकडे आला.

"थर्लोबाई, तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी शंभर पिल्लं वेगवेगळ्या बश्यांत ठेवली आहेत, वर काही लिहिलेलं नाही. मधूनमधून धडधाकटही घातलेत. तुम्ही तपासा आणि फक्त आकडे सांगा."

त्या दोन दिवस बसल्या. इतक्या काळजीने त्यांनी कधीच काम केलं नव्हतं. प्रत्येक कृमीला दहादा केस फिरवला, दोन वेळांमध्ये विसावा दिला, कारण एकसारखं छेडत राहिलं तर धडधाकट कृमीही कंटाळून उत्तर देईनासा होतो. शेवटी यादी त्याच्या हातात दिली. त्याने आपल्या वहीशी ताडून पाहिली. घातलेले धडधाकट वीसच्या वीस त्यांनी बरोबर ओळखले होते. बाकी ऐंशी बधिर.

"म्हणजे जुलैत माझे डोळेच खोटं बोलले," तो म्हणाला.

त्यांनी दिलेला एकूण एक आकडा खरा होता. त्या म्हणाल्या, "चहा आणू का?"

"त्याच वेळी सांगायचं होतं," मी भांडी पुसताना म्हटलं.

"सांगणार होते. जिन्यात दोनदा थांबवला त्याला. एकदा हवामानाचं बोलले आणि एकदा सिरिलच्या गुडघ्याचं."

घरी त्या सिरिललाही बोलल्या नाहीत. सिरिलने मात्र हन्स्टन्टनचा फोटो चौकटीत बसवून शेगडीवरच्या फळीवर ठेवला होता. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभ्या, टोपी हाताने धरलेली. थर्लोबाई रोज धूळ पुसताना तो भिंतीकडे वळवून ठेवायच्या, आणि सिरिल पुन्हा सरळ करायचा. "काय झालं तुला, चांगली तर दिसतेस," तो म्हणायचा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी प्रॉसर खोक्यात पुस्तकं भरू लागला. गुरुवारच्या बैठकीत तो सर्वांसमोर आपला जुलैचा निष्कर्ष मागे घेणार होता. वेल्समधल्या एका शाळेत त्याने शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता.

"थर्लोबाई, माझ्या बश्या सगळ्या फेकून द्या. कपाट रिकामं करा. नव्या माणसाला लागेल."

त्या त्याच्या कपाटातल्या बश्या एकेक काढून उकळायच्या बादलीत टाकू लागल्या. खालच्या कप्प्यात, अगदी मागे, कडेला मेणाची पट्टी गुंडाळून बंद केलेली एक बशी होती. बुडावर प्रॉसरचं तिरकं अक्षर: २५३ × ६६, जुलै.

त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. जुलैची ती अकरा पिल्लं. त्यांच्या अंगातल्या दोन कागदांपैकी एक खऱ्या दोनशे त्रेपन्नचा फाटका कागद होता. त्यांना पिल्लं झाली असतील, त्या पिल्लांना पिल्लं, अन्न संपल्यावर ती उपाशी आणि गोठल्यासारखी पडून असतील. असे उपाशी कृमी महिनोन्महिने तग धरतात. त्यांनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला. काही वेळ काही झालं नाही. मग एका कोपऱ्यात एक बारीक पिल्लू वळलं. त्याच्या शेजारी दुसरं.

दोनशे त्रेपन्न मेला नव्हता. त्या बशीत कुठेतरी होता. आणि त्याला शोधायला जे संकर लागणार होते, ते ज्याचा तो होता त्याला सांगितल्याशिवाय करता येणार नव्हते. ती बशी बादलीत टाकली असती तर मात्र कुणाला कधीच काही कळलं नसतं. तसं टाकायला त्यांना सांगितलंही होतं.

"किती वेळ बसले, आठवत नाही," त्या म्हणाल्या. "बादली पायाशी होती. एवढंच आठवतं की एकदा हात तिच्यावर गेला होता."

प्रॉसर दार लोटून आत आला. "झालं का?"

"एक राहिली."

"तीही टाका."

"ही टाकली तर मी सुटते," थर्लोबाई म्हणाल्या.

त्याला अर्थ लागला नाही. तो पुस्तकांचं खोकं उचलायला वाकला.

"ऑगस्टच्या सुट्टीत तुझे दोनशे त्रेपन्न मेले. मी खिडकीत विसरले. तू यायच्या आधी मी सहासष्टवर तुझा नंबर लिहिला. तीन महिने तू सहासष्टची सहासष्टशीच गाठ घालतोयस, पोरा."

तो वाकलेलाच राहिला. मग खोकं न उचलता सरळ झाला.

"ऑक्टोबरात मी तुम्हाला शंभर तपासायला दिले होते."

"हो."

"तुम्ही दोन दिवस बसलात."

"नीट तपासले. खरेच बधिर होते."

"मी आईला पत्र लिहिलं," तो म्हणाला, "की माझ्या डोळ्यांवरचा माझा विश्वास गेला. ती रोज प्रार्थना करते. माझ्या डोळ्यांसाठी." मग, "का?"

"तू विचारलंस, काय म्हणते माझी पोरगी. मी म्हटलं, मजेत. एवढंच झालं. मग दुसरा दिवस आला, मग तिसरा."

त्याने हात पुढे केला. थर्लोबाईंना वाटलं, तो हात मिळवतोय. तो बशी मागत होता.

गुरुवारी बैठक झाली. मदतनीस बायका नेहमी मागच्या रांगेत बसत, तशा थर्लोबाई बसल्या. आज आपलं नाव घेतलं जाणार, हे धरून त्या आल्या होत्या. सकाळी त्यांनी चांगला निळा पोशाख घातला होता आणि टेबलाचा खण आवरून ठेवला होता. प्रॉसर फळ्यापाशी उभा राहिला. म्हणाला, "सप्टेंबरनंतरचे माझे सगळे संकर रद्द समजा. सुट्टीच्या काळात मूळ वाण मेला आणि त्याच्या जागी सहासष्ट आला. जुलैच्या बशीतून खरा वाण परत मिळवायचा प्रयत्न चालू आहे. चूक माझी आहे. गोठवल्याशिवाय मी जायला नको होतं."

डॉक्टर हॅलम म्हणाले, "एकुलता एक वाण न गोठवता लग्नाचा केक खायला जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय." लोक हसले. प्रॉसर मान खाली घालून खडूची भुकटी झटकत राहिला.

उभं राहायची तीच वेळ होती.

"माझे पाय ठीक होते गं," थर्लोबाई मला म्हणाल्या. "आवाजही होता. काही झालेलं नव्हतं मला. तरी मी बसून राहिले. बैठक संपली, सगळे चहाला गेले, मी खुर्च्या लावल्या."

पुढच्या तीन आठवड्यांत दोघांनी एकाच टेबलावर काम केलं. उपाशी पिल्लांना खायला घातलं, वाढवलं, त्यांतली बधिर एकेक निवडून वेगळी केली. त्यांतली काही सहासष्टची, काही दोनशे त्रेपन्नची, काही दोन्हींची. बघून सांगता येत नव्हतं. प्रत्येकाचा वंश पुन्हा सहासष्टशी जोडून पिल्लं तपासावी लागत होती. थर्लोबाई सकाळी त्याच्या आधी येत आणि त्याच्या नंतर जात. तो कामापुरतं बोले. "ही बशी सोळा अंशांवर." "या दहा उद्या." कधी आवाज चढवला नाही. त्याच्या काडीचा केस झिजला होता. थर्लोबाईंनी चिमटा घेऊन नवा केस उपटला आणि त्याच्यापुढे धरला.

"राहू द्या," तो म्हणाला. "मी केलाय एक."

त्याने मनगटाच्या आतल्या बाजूचा, बराच मऊ, स्वतःचाच केस काडीला लावला होता. थर्लोबाईंनी तो उपटलेला केस एप्रनला पुसला.

एकोणीस डिसेंबरला चौदाव्या वंशाची पिल्लं तयार झाली. प्रॉसरने केस फिरवला. पिल्लू मागे सरलं. दुसरं सरलं. त्याने पन्नास तपासली. पन्नास सरली. या वेळी तो गायला नाही. दोनशे त्रेपन्नच्या सहा नळ्या त्याने स्वतः भरल्या, स्वतः गोठवल्या, आणि कोणत्या खणात ठेवल्या ते वहीत लिहून खाली सही केली.

खरं काय ते कळलं असतं तर मुदतवाढ मिळाली असती की नाही, कोण जाणे. ती मिळाली नाही. डॉक्टर हॅलम म्हणाले, काम चांगलं आहे, पण निष्काळजी माणसाला ठेवून घेता येत नाही. प्रॉसर जानेवारीत वेल्सला शाळेत शिकवायला गेला. निरोपाच्या दिवशी त्याने सगळ्यांशी हात मिळवले. थर्लोबाईंशीही.

"हॅलमना तरी सांगितलंत का?" मी विचारलं.

आम्ही बसथांब्यावर होतो. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दर सोमवारी सांगणार होते. मग ते निवृत्त झाले. मग वारले. अंत्यविधीला मी गेले होते. तिथे सगळे म्हणाले, साहेबांचा तुमच्यावर फार विश्वास होता हो, थर्लोबाई."

मी ते घर सोडायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी विणकामाच्या नमुन्यांची पेटी खाली काढली. मला एका टोपीचा नमुना द्यायचा होता. चाळता चाळता कागदांतून एक पातळसं छापील पुस्तक निघालं. प्रॉसरचा शोधनिबंध, १९७७चा. त्याने शाळेतून तो पोस्टाने पाठवला होता, सोबत चिठ्ठी नव्हती.

"तू भाषेचं शिकतेस," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पानावर एक ओळ आहे. वाच."

मी वाचली. 'कृमींचे वाण अत्यंत काळजीने सांभाळल्याबद्दल श्रीमती बी. थर्लो यांचे आभार.'

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली.

"टोमणा मारलाय का गं त्याने?"

मी ती ओळ पाहत राहिले. साधी ओळ होती. तिच्या वर काचसामान देणाऱ्याचे आभार होते आणि खाली टंकलेखन करणाऱ्या मुलीचे.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही वाटत."

"मलाही नाही वाटत," थर्लोबाई म्हणाल्या. "तेवीस वर्षं शोधतेय मी त्यात टोमणा." त्यांनी निबंध माझ्या हातातून घेतला, बाहीच्या आणि गळ्याच्या नमुन्यांच्या मधे परत सारला, आणि टोपीचा नमुना शोधू लागल्या.